एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची का? आधी गिअरबॉक्स बघा, मग किलोमीटर मोजा

नव्या गाडीच्या कोटेशनमध्ये एक्स-शोरूम किंमत, आरटीओ, इन्शुरन्स, फास्टॅग यांच्याखाली एक ओळ असते: एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे मूळ वॉरंटी संपल्यावर पुढच्या वर्षांसाठी पैसे भरून घेतलेली वॉरंटी. बऱ्याचदा ती न विचारताच धरलेली असते. ही ओळ ऐच्छिक आहे. नको म्हटलं की ती काढता येते, आणि मूळ वॉरंटी चालू आहे तोवर बहुतेक कंपन्यांकडून नंतरही घेता येते. गाडी जुनी होईल तसा दर चढतो, आणि उशीर केला तर आधी गाडीची तपासणी होते, इतकाच फरक. त्यामुळे डिलिव्हरीच्या दिवशी घाईने सही करण्याचं कारण नाही.

मत आधीच सांगतो. साधं पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स आणि वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर असतील, तर थांबा. मूळ वॉरंटी संपायच्या दोन महिने आधी ठरवा. ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, टर्बो, बीएस-६ डिझेल यांपैकी काहीही असेल आणि गाडी पाच-सहा वर्षं ठेवायची असेल, तर घ्याच.

असं का, ते गाडीखाली बघितलं की कळतं. ड्राय ड्युअल क्लच गिअरबॉक्सला तेलाचा थंडावा नसतो. चढावर किंवा तुंबलेल्या रस्त्यावर गाडी इंच-इंच सरकवत राहिलं की क्लच घसरत राहतो आणि तापतो. त्याच्या जोडीला गिअर आणि क्लच चालवणारं मेकॅट्रॉनिक युनिट असतं. त्यात व्हॉल्व्ह, सोलेनॉइड (विजेवर चालणारे छोटे स्विच-व्हॉल्व्ह) आणि कंट्रोल बोर्ड एकत्र असतात. त्यातला एक सोलेनॉइड गेला तरी वर्कशॉपमध्ये सहसा अख्खं युनिटच बदलतात आणि खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. एएमटीचं, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप चालवणाऱ्या मॅन्युअल गिअरबॉक्सचं, गणित वेगळं आहे. तिथे क्लच-गिअर हलवणारा अ‍ॅक्च्युएटर वॉरंटीत येतो, पण क्लच प्लेट झिजणारा भाग म्हणून बाहेर राहते. शहरात चालणाऱ्या एएमटीत पैसे बहुतेकदा क्लच प्लेटवरच जातात, म्हणून त्या गाडीला वॉरंटीचा फायदा वाटतो तेवढा नसतो.

डिझेलमध्ये महाग भाग म्हणजे इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, टर्बो आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर). यातल्या डीपीएफबद्दल गैरसमज फार. रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या झाल्या तर एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, साचलेली काजळी जळत नाही आणि फिल्टर तुंबतो. हा वापराचा दोष धरून क्लेम नाकारला जाऊ शकतो. इंजेक्टरमध्ये पाणी किंवा भेसळीच्या खुणा दिसल्या तरी तेच. डिझेल नेहमीच्या एक-दोन पंपांवरच भरा आणि बिलं जपून ठेवा.

किंमत रास्त आहे का, हे ताडायला सोपा मार्ग आहे. सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर चॅसी नंबर सांगा आणि चार भागांची एमआरपी विचारा: एसी कॉम्प्रेसर, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, टचस्क्रीन युनिट आणि तुमच्या गिअरबॉक्सचा अ‍ॅक्च्युएटर किंवा मेकॅट्रॉनिक. वॉरंटीची किंमत १८ टक्के जीएसटी धरून मांडा. यातल्या सर्वांत स्वस्त भागाच्या निम्म्यानेही ती नसेल, तर फार विचार करू नका. दोन भागांच्या बेरजेइतकी निघाली, तर सोडून द्या.

आता किलोमीटर. पैसे सर्वांत जास्त इथेच वाया जातात, कारण लोक फक्त वर्षं बघतात. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये मूळ वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किमीवरून ३ वर्षं किंवा १,००,००० किमी केली. त्यापुढची पॅकेजं चौथं वर्ष किंवा १,२०,०००, पाचवं वर्ष किंवा १,४०,००० आणि सहावं वर्ष किंवा १,६०,००० किमी अशी आहेत. जे आधी होईल ते. कामासाठी महिन्याला ३,५०० किमी फिरणाऱ्याचे वर्षाला ४२,००० होतात. त्याची मूळ वॉरंटी अडीच वर्षांच्या आतच संपते आणि सहा वर्षांचं पॅकेज तीन वर्षं दहा महिन्यांत. उरलेली दोन वर्षं कागदावरच राहतात. तरीही ते ६०,००० किमी त्याच्या उपयोगाचे आहेत, फक्त दर काढताना वर्षांनी भागू नये, किलोमीटरने भागावं. महिन्याला ६०० किमी चालवणाऱ्याची गाडी सहा वर्षांत ४३,००० च्या आसपास जाते. त्याच्यासाठी किलोमीटरची मर्यादा नसल्यासारखीच. त्याला भीती असते ती वयाने बिघडणाऱ्या गोष्टींची, म्हणजे सेन्सर, स्क्रीन आणि एसीची.

एसीचंच उदाहरण घ्या. कूलिंग कमी झालं की बाहेरचा मेकॅनिक गॅस भरून देतो, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. गळती कूलिंग कॉइलमध्ये असेल तर अनेक गाड्यांत पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पार्टपेक्षा मजुरी जास्त होते. वॉरंटी असेल तर पार्ट आणि मजुरी दोन्ही त्यात येतात, पण गॅस आणि तेल काही करारांत ग्राहकाच्या बिलात पडतं. गाडी आत घेण्याआधी अ‍ॅडव्हायझरला एवढं नक्की विचारा: ‘उघडून बघितल्यावर क्लेम नामंजूर झाला, तर उघडण्याची मजुरी कोणाची?’ इंजिन किंवा गिअरबॉक्स खोलायचा असेल तर ही रक्कम मोठी असते. उत्तर जॉब कार्डवर (गाडी आत घेताना वर्कशॉप भरतं तो कागद) लिहून घ्या आणि तक्रार तुमच्या शब्दांत नोंदवा: ‘थंड इंजिनवर पहिल्या गिअरला झटका’, नुसतं ‘गिअरबॉक्स चेक’ नाही.

काय येत नाही, याची यादी करारात शेवटी असते. तीच आधी वाचा. ब्रेक पॅड, वायपर, टायर, फिल्टर, रबरी बुश नसतात. १२ व्होल्ट बॅटरीची वॉरंटी वेगळी असते. सस्पेन्शनबद्दल करारागणिक फरक आहे. उंदराने कुरतडलेली वायरिंग आणि पावसात इंजिनात गेलेलं पाणी हे वॉरंटीचं काम नाही. त्यासाठी इन्शुरन्स, आणि पाण्यासाठी त्यातलं इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन. मुंबई-ठाण्यात पाणी तुंबणाऱ्या भागात गाडी उभी राहत असेल आणि दोन्हींपैकी एकालाच पैसे पुरत असतील, तर आधी ते अ‍ॅड-ऑन घ्या.

क्लेम अडतो तो बहुतेक तीन कारणांनी: चुकलेली सर्व्हिस, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, आणि वायर कापून जोडलेले हॉर्न-दिवे. सर्व्हिस बऱ्याच गाड्यांत १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी असेल तेव्हा. कमी चालणाऱ्या गाड्यांचं वर्ष हमखास निसटतं. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांच्या प्रकरणात, बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असं म्हटलं होतं. तरी हातात पडणाऱ्या करारात अधिकृत सर्व्हिसची अट असते, आणि प्रत्यक्ष क्लेमच्या वेळी तीच पुढे केली जाते. ठरावीक सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करा.

शोरूमने ‘आमची वॉरंटी’ म्हणून स्वस्तात दिली, तर प्रमाणपत्रावर कोणाचं नाव आहे ते बघा. कार कंपनीची वॉरंटी तिच्या देशभरातल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते; डीलरची किंवा तिऱ्हाईत कंपनीची असेल तर पुण्याहून निघून रत्नागिरीत बंद पडलेल्या गाडीला तिचा उपयोग होईलच असं नाही. अशा करारांत प्रत्येक क्लेमला आणि एकूण रकमेला मर्यादाही असते. पैसे भरल्यावर आठवड्याभरात कंपनीच्या कस्टमर केअरला चॅसी नंबर देऊन नोंद झाल्याची खात्री करा. गाडी विकताना वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर करता येते का, तेही तेव्हाच विचारा. उरलेली वॉरंटी असली की किंमत चांगली मिळते.

क्लेम चुकीचा नाकारला तर लेखी कारण मागा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच चालते.

वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी गाडी लिफ्टवर घेऊन पूर्ण तपासून घ्या: ऑइल सील, ड्राइव्हशाफ्टचे बूट, स्टिअरिंगचा आवाज, एसीची थंडी, स्कॅनरवर दिसणारे बिघाडाचे साठवलेले कोड. जे सापडेल ते तारखेसह जॉब कार्डवर नोंदवा. पार्ट महिनाभराने आला तरी तक्रार मुदतीत नोंदवल्याचा पुरावा तुमच्या हातात असतो.