पुस्तक परीक्षणाला पर्याय म्हणून ‘बुक क्रिएटर’

वर्गातले पुस्तक परीक्षण बहुतेक वेळा एकाच साच्यात लिहिले जाते: पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, मुख्य पात्रे, थोडक्यात कथा, मिळालेला बोध आणि शेवटी ‘हे पुस्तक सर्वांनी जरूर वाचावे’ अशी शिफारस. हा साचा शिक्षकांना सोयीचा वाटतो, कारण तो तपासायला सोपा असतो. परंतु मलपृष्ठावरचा मजकूर आणि पुस्तकाच्या सुरुवातीची व शेवटची काही पाने एवढ्यावर तो निभावून नेता येतो, हे मुलांच्या फार लवकर लक्षात येते. या परीक्षणाला पर्याय म्हणून जी डिजिटल साधने वर्गात वापरली जातात, त्यांपैकी ‘बुक क्रिएटर’ हे ॲप मी मुलांबरोबर वापरले आहे, आणि त्यातले काय घ्यावे व काय सोडावे याविषयी माझे मत बऱ्यापैकी पक्के झाले आहे.

हे ॲप २०११ साली प्रथम आयपॅडसाठी आले आणि पुढे ब्राउझरमध्येही चालू लागले. कोऱ्या पानावर मजकूर, चित्र, छायाचित्र, हाताने काढलेली रेषा, ध्वनी आणि व्हिडिओ ठेवून मूल स्वतःचे ई-पुस्तक तयार करते. शिक्षक एक ग्रंथालय, म्हणजे मुलांची पुस्तके एकत्र ठेवण्याची ॲपमधली जागा, उघडतात आणि मुले त्यात दिलेला संकेतांक टाकून प्रवेश करतात. मांडणी इतकी साधी आहे की लहान वर्गातल्या मुलांनाही ती वेगळी शिकवावी लागत नाही. याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही, आणि साधनाबद्दल असे म्हणता येणे ही माझ्या दृष्टीने स्तुतीच आहे.

खरा प्रश्न वेगळा आहे. परीक्षणाच्या जागी कोणताही उपक्रम आणताना मी एकच कसोटी लावतो: पुस्तक न वाचता हे काम करता येईल का? येत असेल, तर तो उपक्रम कितीही देखणा असला तरी जुन्या साच्याहून वरचढ नाही. या कसोटीवर ‘बुक क्रिएटर’मधले सगळे प्रकार सारखे उतरत नाहीत.

सर्वांत चांगला उतरतो तो चित्रकथेचा प्रकार. यात पानावर चौकटी, संवादाचे फुगे आणि मथळ्याच्या पट्ट्या तयार मिळतात. संपूर्ण कादंबरी सहा चौकटींत सांगायची अशी मर्यादा घातली, की मुलाला आधी ठरवावे लागते की कोणते सहा क्षण वगळले तर गोष्ट उभीच राहणार नाही. मग त्या क्षणी कोण बोलले, कोण गप्प राहिले, आणि फुग्यात मावतील इतक्याच शब्दांत ते कसे बसवायचे, हेही ठरवावे लागते. सारांशलेखनात मूल ‘मग असे झाले, मग तसे झाले’ म्हणत घटनांच्या मागे चालत राहते. चौकटींची संख्या ठरलेली असली की त्याला निवड करावी लागते, आणि निवडीमागचे कारण विचारले की परीक्षणात कधीच न येणारी उत्तरे येतात. हरवलेल्या वस्तूबद्दल खोटे बोलणाऱ्या मुलाची एक गोष्ट वाचल्यावर काहींनी खोटे बोलण्याचा प्रसंग चौकटीत घेतला, तर काहींनी तो मुद्दाम वगळून फक्त त्यानंतरची शांतता दाखवली. दोन्ही वाचने योग्यच होती, आणि त्यांवर झालेली चर्चा हेच त्या तासाचे खरे फलित होते. म्हणूनच मर्यादा न घालता हा प्रकार देऊ नये, असे मला वाटते. चौकटी हव्या तितक्या वाढवता आल्या की तो पुन्हा सारांशच होतो.

दुसरा उपयोगी प्रकार म्हणजे दुय्यम पात्राची रोजनिशी. मुख्य पात्राची रोजनिशी लिहिणे सोपे असते, कारण त्याचे मन लेखकाने आधीच उघडलेले असते. शेजारीण, धाकटा भाऊ किंवा एका प्रकरणापुरता आलेला शिक्षक यांची रोजनिशी लिहायची तर त्यांना कोणत्या गोष्टी माहीत होत्या आणि कोणत्या नव्हत्या, हे पुस्तकात परत जाऊन शोधावे लागते. येथे ध्वनिमुद्रणाची सोय फार मोलाची ठरते. ज्या मुलांचे वाचन चांगले आहे पण लिहिताना हात अडखळतो, ती बोलून पात्राचे मन उलगडतात, आणि लेखी परीक्षणात ज्यांना दोन ओळींपलीकडे जाता येत नव्हते त्यांचे आकलन प्रथमच कानावर पडते. माझ्या मते केवळ या एका सोयीसाठीही हे ॲप वर्गात आणावे.

उलट, नवे मुखपृष्ठ तयार करणे आणि पुस्तकाची जाहिरात करणारी छोटी चित्रफीत बनवणे हे दोन लोकप्रिय उपक्रम कसोटीवर फारसे टिकत नाहीत. दोन्हींसाठी पुस्तकाचा विषय आणि वातावरण एवढे कळले तरी पुरते. शिवाय रंग, अक्षरांचे वळण, तयार चित्रे आणि पार्श्वभूमी यांचे इतके पर्याय समोर असतात की तासाचा मोठा भाग सजावटीतच जातो. हा दोष ॲपचा म्हणावा की आपल्या नियोजनाचा, याबद्दल मतभेद होऊ शकतात. मी मात्र आधी कागदावर कच्चा आराखडा मंजूर करून घेतल्याशिवाय पडद्यासमोर कोणालाही बसवत नाही. मुखपृष्ठ द्यायचेच असेल, तर त्यावरचे प्रत्येक चित्र पुस्तकातल्या कोणत्या वाक्यावरून सुचले ते मागच्या पानावर लिहायला सांगावे. तेवढ्या एका अटीने तो उपक्रम बराच सुधारतो.

विनामूल्य खात्यात एक ग्रंथालय आणि त्यात ४० पुस्तके एवढी मर्यादा आहे. एका वर्गाला ती एका उपक्रमापुरती पुरते, पुढच्या उपक्रमाला जागा करावी लागते. यावर उपाय म्हणून मुलांना गटांत काम द्यावे, किंवा प्रत्येकाने केलेली दोन-तीन पाने जोडून वर्गाचे एकच पुस्तक करावे. वेगवेगळी पुस्तके एकत्र करण्याची सोय ॲपमध्येच आहे. एकाच कादंबरीवरची अनेक वाचने अशी शेजारीशेजारी आली, की मुले एकमेकांची पाने खरोखर वाचतात, जे शिक्षकांच्या टेबलावर साचणाऱ्या वह्यांच्या बाबतीत क्वचितच घडते.

गुण देताना मात्र सजावटीला स्वतंत्र रकाना ठेवू नये. निवडीचे कारण, पुस्तकातला आधार आणि पात्राची समज एवढ्यांवरच गुण द्यावेत. आणि काम जपून ठेवताना एक बाब ध्यानात असू द्यावी: पीडीएफ केल्यास मुलांचे आवाज त्यात येत नाहीत, म्हणून ध्वनिमुद्रण असलेली पुस्तके ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-स्वरूपात किंवा ऑनलाइन दुव्याच्या रूपातच ठेवावीत.