ग्लूटेनविरहित उन्हाळी शिबिर: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या मुलीला सीलिअ‍ॅक आजार आहे. गेल्या उन्हाळ्यात ती प्रथमच आमच्याशिवाय एका निवासी शिबिरात राहिली. हे शिबिर केवळ ग्लूटेनविरहित आहार घेणाऱ्या मुलांसाठी होते. त्याबद्दल मी मुद्दाम काही महिने जाऊ देऊन लिहीत आहे, कारण मूल परत येते तेव्हा घरात नुसता उत्साह असतो. शिबिराने नेमके काय दिले आणि काय दिले नाही, हे शाळा, वाढदिवस आणि सहली सुरू झाल्यावरच उमगते. माझे मत आधीच नोंदवते. सुरक्षित जेवणाच्या बाबतीत हे शिबिर उत्तम होते. परंतु तिथून बाहेर पडल्यावर मुलांनी स्वतःला कसे सांभाळावे, याची तयारी त्याने फारशी करून घेतली नाही.

जेवणाला मी इतके महत्त्व का देते, ते थोडक्यात सांगावे लागेल. सीलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नव्हे. गहू, जव किंवा राय या धान्यांतील ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करू लागते, आणि आयुष्यभर ग्लूटेन टाळणे हाच त्यावरचा उपचार आहे. कोडेक्स या खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ग्लूटेनविरहित म्हणवणाऱ्या पदार्थात दर किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असता कामा नये. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात जात राहिले तरी आतड्यावर परिणाम होऊ शकतो, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. पावाच्या एका कापात याच्या कितीतरी पट ग्लूटेन असते. त्यामुळे ‘तुमच्या मुलीसाठी वेगळे जेवण करू’ एवढ्या आश्वासनावर आमच्यासारख्या पालकांचे भागत नाही. ते जेवण कोणत्या ओट्यावर, कोणत्या भांड्यात आणि कोणाच्या हातून तयार होते, हे कळावे लागते.

या शिबिरात संपूर्ण स्वयंपाकघरच ग्लूटेनमुक्त होते आणि माझ्या दृष्टीने तीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. मिश्र स्वयंपाकघरात एक कोपरा राखून ठेवला, तरी गव्हाचे पीठ हवेत उडते आणि शेजारच्या पातेल्यात बसते. लाकडी उलथने, चाळण्या आणि टोस्टर पूर्णपणे स्वच्छ करणे अवघड असते, आणि एकाच तेलात आधी गव्हाचे आवरण असलेला पदार्थ तळला असेल, तर नंतरचा बटाटाही निषिद्ध ठरतो. उष्णतेने जंतू मरतात, ग्लूटेन नष्ट होत नाही. हातावर निर्जंतुक द्रव चोळल्यानेही ते जात नाही, हात साबणाने आणि पाण्यानेच धुवावे लागतात. आचाऱ्यांना हे सारे ठाऊक होते. प्रवेशापूर्वी मी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी लेखी उत्तरे दिली, घरून खाऊ आणायला सर्वांनाच मनाई केली आणि कर्मचाऱ्यांच्या खोलीतही बाहेरचे खाणे येऊ दिले नाही. हस्तकलेसाठी वापरायच्या मळलेल्या रंगीत गोळ्यातही बहुधा गव्हाचे पीठ असते, आणि लहान मुलांची बोटे तोंडात जातातच. इथे तो गोळाही वेगळ्या पिठाचा होता. इतक्या बारकाव्यापर्यंत जाणारे लोक भेटले, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.

तरीही तीन गोष्टी खटकल्या. पहिली प्रवेशअर्जातली. गव्हाची अ‍ॅलर्जी आणि सीलिअ‍ॅक यांना एकच रकाना होता. अ‍ॅलर्जीच्या तीव्र झटक्यात श्वास अडकू शकतो आणि तातडीने एपिनेफ्रिनचे इंजेक्शन द्यावे लागते. सीलिअ‍ॅकमध्ये त्या इंजेक्शनचा उपयोग नसतो, तिथे उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी कमी होऊ न देणे महत्त्वाचे असते. रात्री एखादे मूल आजारी पडले, तर परिचारिकेला हा फरक अर्जावरूनच कळायला हवा. दुसरी गोष्ट आहाराच्या समतोलाची. जेवण सुरक्षित होते, पण तयार पाकिटांवर फार विसंबलेले होते. अशा पदार्थांत तंतुमय घटक बहुधा कमी असतात, लोह आणि ब जीवनसत्त्वेही अनेकदा कमी पडतात. मुलगी परतली ती बद्धकोष्ठ घेऊनच. डाळी, भाज्या आणि फळे निसर्गतःच ग्लूटेनविरहित असताना ती ताटात कमी का असावीत, हे मला समजले नाही. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. बाहेरच्या सहलीच्या दिवशी दुपारचे जेवण दुसऱ्याच पुरवठादाराकडून आले आणि त्याच्या डब्यांवर फक्त ‘गहू नाही’ असे लिहिलेले होते. जवापासून काढलेल्या माल्टमध्ये गहू नसतो, ग्लूटेन मात्र असते. एका मोठ्या मुलाने हे शिबिरातल्या ताईंच्या लक्षात आणून दिले, म्हणून डबे उघडण्यापूर्वीच चौकशी झाली आणि पुढचे टळले.

आता नंतरच्या महिन्यांबद्दल. शिबिरात प्रत्येक पदार्थ चालत असल्यामुळे मुलीला कशाचीही चौकशी करावी लागली नाही, आणि आजाराचे निदान झाल्यापासून सतत जागरूक राहिलेल्या मुलीला ही विश्रांती किती हवी होती, हे तिच्या बोलण्यावरून कळले. आपल्यासारखीच इतकी मुले एका पंगतीत बसून जेवताना तिने प्रथमच पाहिली. त्यातल्या मैत्रिणी आजही टिकून आहेत. परंतु याच विश्रांतीमुळे विचारण्याची तिची सवय सैल झाली. शाळा सुरू झाल्यावर एका वर्गमैत्रिणीने दिलेले बिस्कीट तिने वेष्टन न वाचता खाल्ले आणि संध्याकाळी पोट धरून बसली. लेबल वाचणे, वाढणाऱ्या व्यक्तीला न संकोचता दोन प्रश्न विचारणे, उत्तर खात्रीचे नसेल तर शांतपणे नकार देणे, हे सारे त्यानंतर आम्ही घरी बसून तिच्याकडून करून घेतले. शिबिराने रोज अर्धा तास दिला असता, तर तेच धडे तिने समवयस्कांसोबत आनंदाने गिरवले असते.

काही पालक विचारतात की नंतरच्या रक्ततपासणीत काय दिसले. ग्लूटेनमुळे रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडांचे प्रमाण समाधानकारक होते. मात्र ही तपासणी अधूनमधून पोटात गेलेले थोडे ग्लूटेन हमखास पकडतेच असे नाही, म्हणून केवळ त्या अहवालावरून मी शिबिराला प्रशस्तिपत्र देणार नाही. माझा विश्वास त्यांच्या स्वयंपाकघराच्या पद्धतीवर आहे.

नुकतेच निदान झालेल्या, इतरांहून वेगळे असण्याने खचलेल्या लहान मुलासाठी हे शिबिर मी निःसंकोच सुचवीन. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना मात्र लवकरच वसतिगृहात आणि मित्रांच्या घरी जेवायचे असते. त्यांच्यासाठी काळजीपूर्वक चालवलेले मिश्र शिबिर कदाचित अधिक उपयोगी ठरेल, अर्थात तिथल्या आचाऱ्याशी पालकांनी स्वतः बोलून घेतलेले असेल तर. आमच्या मुलीला पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा इथेच जायचे आहे. अर्जातले रकाने वेगळे करावेत, सहलीचा डबा शिबिराच्याच स्वयंपाकघरातून न्यावा आणि लेबल वाचण्याचा वर्ग रोज घ्यावा, असे मी आयोजकांना सविस्तर लिहून कळवले आहे. पहिल्या दोन सूचना त्यांनी मान्य केल्या आहेत. तिसरीचे उत्तर आल्यावरच आम्ही नाव नोंदवू.