जवळ्याची पूड : पोषण आहाराच्या पिशवीत बसेल का?

साताऱ्यात जिल्ह्यातील महिला बचत गटांचे जे विक्री प्रदर्शन भरते, त्यात पापड, शेवया, नाचणीचे लाडू आणि काळा मसाला यांच्या गर्दीत यंदा पाटण तालुक्यातील एका गटाने सुक्या मासळीच्या पुडीची पाकिटे मांडली होती. या महिला कुंभार्ली घाटाखालून सुकी मासळी आणतात आणि ती निवडून, धुऊन, पुन्हा वाळवून, भाजून व दळून विकतात. जवळ्याची, म्हणजे अगदी बारीक कोळंबीची, पूड आणि मांदेली या छोट्या माशाची पूड असे दोन प्रकार असून शंभर ग्रॅमच्या पाकिटाची किंमत ९० रुपये आहे. पाकिटावर ‘बालके व गरोदर मातांसाठी पौष्टिक’ अशी ओळ छापलेली आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजनेत, म्हणजे अंगणवाड्यांच्या योजनेत, मुख्यसेविका (पर्यवेक्षिका) म्हणून नोकरी केलेली असल्याने माझी नजर किमतीच्या आधी त्या ओळीवर गेली, आणि म्हणूनच हा पदार्थ घरच्या जेवणात कसा लागतो याबरोबरच तो अंगणवाडीच्या आहारात देण्याजोगा आहे का, हेही मी तपासून पाहिले.

चवीचे आधी सांगते. जवळ्याचे पाकीट उघडल्यावर येणारा वास मंद आचेवर भाजलेल्या, किंचित गोडसर कोळंबीचा आहे; सुकट भाजली की सगळ्या आळीला कळते, तसा तो नाही. लसूण आणि तिखट घालून तेलावर परतलेली ही पूड ज्वारीच्या भाकरीबरोबर फार उत्तम लागते, आणि वांग्याच्या रश्शात शेवटी चमचाभर घातली तर रश्शाला वेगळाच दाटपणा येतो. मांदेलीची पूड वासाला उग्र व थोडी तेलकट आहे आणि काट्यांसह दळलेली असल्यामुळे जिभेला खरखरीत लागते. मोठ्या माणसांना त्याचे काही वाटणार नाही, परंतु पाकिटावरचा दावा लहान मुलांचा आहे. म्हणून दोन्ही पुडी मूगडाळीच्या मऊ खिचडीत, मिरची न घालता, घालून पाहिल्या. जवळ्याची खिचडी घरातल्या तीन वर्षांच्या मुलाने तक्रार न करता संपवली. मांदेलीची त्याने दुसऱ्या घासाला बाजूला सारली. अधिक बारीक दळून चाळल्याशिवाय मांदेलीची पूड बालकांसाठी म्हणून विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याची हळहळही वाटते, कारण काट्यांसकट खाल्ल्या जाणाऱ्या छोट्या माशातून कॅल्शियम भरपूर मिळते.

सुक्या मासळीची खरी परीक्षा वाळूची असते. पूड कोमट पाण्यात ढवळून, निवू देऊन, वरचे पाणी दोन-तीनदा निथळले की तळाशी काय उरते ते दिसते. या पाकिटांत वाळूचा जेमतेम मागमूस होता. आठवडी बाजारात प्लास्टिकच्या कागदावर ढीग करून विकला जाणारा जवळा याच रीतीने तपासला तर तळाशी बोटाला टोचणारा थर बसतो, कारण तो बहुतेक वेळा किनाऱ्यावरच्या वाळूत किंवा उघड्या जमिनीवर पसरून वाळवलेला असतो. तेव्हा या महिलांनी निवडण्यात, धुण्यात आणि चाळण्यात जे कष्ट घेतले आहेत, त्यांचे मोल ९० रुपयांत धरावेच लागेल.

सरकारी दराच्या हिशेबात मात्र हे मोल अवघड जाते. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकाला अंगणवाडीच्या पूरक आहारातून रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याचा मूळ निकष होता, आणि त्यासाठी २०१७ मध्ये ठरलेला दर बालकामागे दिवसाला ८ रुपये होता. सुक्या छोट्या मासळीच्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात असे धरले, तर पाच ग्रॅम पुडीतून अडीच-तीन ग्रॅम प्रथिने मिळतात आणि पाकिटाच्या भावाने तिला साडेचार रुपये पडतात. सहा-सात रुपयांच्या अंड्यात त्याच्या दुप्पट प्रथिने असतात. नुसत्या प्रथिनांपुरते बोलायचे तर या पाकिटापेक्षा अंडे स्वस्त आहे, आणि हे गटाच्या महिलांनाही मी सांगितले. परंतु सुटा जवळा आमच्या बाजारात किलोला ३२० रुपयांच्या आसपास मिळतो. त्या भावाने पाच ग्रॅमला दीड रुपयाच्या थोडे वर पडतात आणि अंडे मागे राहते. स्वच्छ केलेली पूड एक-एक किलोच्या साध्या पिशवीत, थेट बंदरावरून माल उचलून, पाचशे रुपये किलोने देता आली, तर आठवड्यातून दोनदा पाच-पाच ग्रॅम देण्याचा खर्च बालकामागे पाच रुपये येईल. आठवड्याच्या सहा दिवसांच्या ४८ रुपयांतून एवढे काढणे अशक्य नाही.

प्रथिनांखेरीजचा भागही विचारात घ्यायला हवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त होती आणि पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती. अंगणवाडीतून मिळणाऱ्या घरपोच आहाराच्या पाकिटांत धान्य, डाळ, साखर आणि तेल असते. जीवनसत्त्व ब-१२ मात्र निसर्गतः प्राणिज अन्नातूनच मिळते. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवून ते लोकसहभागातून द्यावे असे सांगितले. अंड्याची ही गत असताना मासळीचा विषय काढणे काहींना धाडसाचे वाटेल. गंमत अशी की आपल्या किनाऱ्यावरचा पुष्कळसा जवळा आणि बारीक मासळी कोंबडीखाद्यासाठी जाते, म्हणजे ज्या अंड्यावरून एवढा वाद होतो त्यात ही मासळी आधीच आहे.

पुरवठ्याचा मार्ग याच वस्तुस्थितीतून निघतो. जवळा तलावात पाळला जात नाही. तो समुद्रात आपोआप वाढतो आणि डोल जाळ्यांत (प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांत) एकदम मोठ्या प्रमाणावर सापडतो. अशा वेळी भाव कोसळतो आणि माणसाच्या खाण्याचा माल खाद्याच्या कारखान्याकडे वळतो. शासनाने खरेदी करायची ती याच वेळी. अमेरिकेत हे जुने आहे. तेथील १९३५ च्या कायद्यातील कलम ३२ अन्वये सीमाशुल्काच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम शेतमालाची मागणी टिकवण्यासाठी बाजूला काढली जाते. त्या निधीतून तेथील कृषी विभाग इतर मालाबरोबर अलास्काच्या समुद्रातील पोलॉक आणि सामन मासळीही विकत घेतो, आणि ती शाळांच्या भोजनात व गरजूंच्या अन्नपेढ्यांत पोहोचते. माता-बालकांच्या तेथील पोषण योजनेत डबाबंद मासळी आधी मुख्यतः पूर्ण स्तनपान करणाऱ्या मातांना मिळत असे. २०२४ च्या नियमांनी ती वर्षापुढील बालकांनाही देऊ केली. इतक्या लांब न जाता ओडिशाकडे पाहिले तरी चालेल. तेथे मयूरभंज जिल्ह्यातील अंगणवाड्यांत सुकी मासळी आणि माशाची पूड प्रायोगिक तत्त्वावर देण्यात आली. छोटे मासे सबंध खाल्ल्याने आहार कसा सुधारतो, यावर बांगलादेशात काम करणाऱ्या शकुंतला थिल्स्टेड यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, ही बाबही येथे नोंदवण्याजोगी आहे.

मात्र या पाकिटाला अंगणवाडीच्या दारातून आत घ्यायचे तर त्याच्या लेबलावर आज जे आहे ते पुरेसे नाही. अन्न परवान्याचा क्रमांक आणि दळल्याची तारीख आहे, ही जमेची बाजू. मासळी कोणत्या बंदरावरची आणि कोणत्या महिन्यातील, हे मात्र नाही. ‘कोकणातील मासळी’ एवढ्याने भागत नाही. जवळा हा कोळंबीच्या जातीचा असल्याने ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी ठळक सूचना हवी होती, तीही नाही. वाळू मोजणारी आम्लात न विरघळणाऱ्या राखेची तपासणी, ओलावा, जिवाणू आणि जड धातू यांचे अहवाल प्रत्येक खेपेला लागतील, कारण वाळवून दळताना पोषणद्रव्यांप्रमाणे नको ते घटकही आटून दाट होतात. हा खर्च एका गटाला पेलणारा नाही. तो जिल्हा परिषदेने किंवा बालविकास प्रकल्प कार्यालयाने उचलावा लागेल. शिवाय पाटण आणि जावळी या तालुक्यांचा पाऊस लक्षात घेता आवरणही सुधारायला हवे. हवाबंद म्हणून दिलेल्या या पिशवीची पट्टी एकदा उघडल्यावर नीट बसत नाही आणि पावसाळी हवेत पुडीच्या गुठळ्या झाल्या. कच्च्या जवळ्याची खरेदी आणि दळणकांडण उन्हाळ्यात उरकणे भाग आहे, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात, कामधंदा थंडावल्यावर, घरातली ताटे रिकामी होऊ लागतात.

समुद्रावरचा भार हा आक्षेपही रास्त आहे. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवून दिला आहे. उद्या सरकारी मागणी आली म्हणून पापलेट-सुरमईची पिल्ले वाळवून दळली गेली तर पुडीत ती ओळखूही येणार नाहीत. त्यासाठी खरेदी पुडीची न करता अख्ख्या सुक्या मासळीची करावी, तपासून घ्यावी आणि दळण गटाकडे सोपवावे, हे मला अधिक सुरक्षित वाटते.

राहिला सोवळ्याओवळ्याचा प्रश्न. माळकरी घरे, सोमवार, एकादशी आणि श्रावण हे सगळे आमच्या जिल्ह्यात खरे आहे आणि त्याचा मान राखायलाच हवा. म्हणून ही पूड सर्वांच्या खिचडीत किंवा घरपोच पिठात मिसळता कामा नये; मागणाऱ्या पालकांना वेगळी पिशवी, न मागणाऱ्यांना तेवढ्याच किमतीचे शेंगदाणे किंवा केळी, आणि नोंदवहीत पालकांची सही अशी पद्धत ठेवता येते. अंगणवाडी सेविकांवर आधीच वजन-उंचीच्या आणि मोबाईलवरच्या नोंदींचा बोजा आहे, हे मला माहीत आहे; तरी वेगळी पिशवी वाटणे हे त्यातले सर्वांत सोपे काम ठरेल.

घरासाठी घेणाऱ्यांनी सध्या जवळ्याचीच पूड घ्यावी, दळल्याची तारीख एप्रिल-मेची असेल असे पाहावे, घरी आणल्यावर ती लगेच काचेच्या बरणीत काढावी आणि पावसाळ्यात बरणी फ्रीजमध्ये ठेवावी. वर्षाखालील बाळाला ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. मोठ्या मुलांनाही पहिल्यांदा चिमूटभर देऊन एक दिवस थांबावे.