पाच दिवसांचं प्रोटिओमिक्स वर्कशॉप: हात तयार होतात, डेटाचं तुमचं तुम्ही बघा

आधीच सांगते, वर्कशॉपचं नाव इथे टाकणार नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला कुणाशी भांडण उकरून काढायचं नाहीये. पण प्रोटिओमिक्सची (म्हणजे सँपलमधली सगळी प्रोटीन्स एकगठ्ठा ओळखणं आणि मोजणं) नवशिक्यांसाठी म्हणून जी अशी वर्कशॉप्स भरतात ती बरीचशी याच साच्यातली असतात, म्हणजे जेल, डायजेशन (प्रोटीनचे एन्झाइमने तुकडे करणं), मास स्पेक (त्या तुकड्यांचं वजन मोजणारं मशीन) आणि शेवटी घाईघाईत सॉफ्टवेअर, त्यामुळे फॉर्म भरायच्या विचारात असाल तर वाचून घ्या.

मी मूळची डीएनएवाली. पीसीआर (डीएनएच्या हव्या तेवढ्या प्रती काढणं), प्रायमर, सिक्वेन्सिंग यातच सगळी वर्षं गेली, प्रोटीनशी संबंध आला तो एखाददुसऱ्या वेस्टर्न ब्लॉटपुरता (ठरावीक एक प्रोटीन शोधायची पद्धत) आणि तोही दुसऱ्याने बसवलेला प्रोटोकॉल डोळे मिटून उतरवायचा. आम्हा लोकांना एक माज असतो, की सँपल थोडं असलं तरी काय बिघडतं, वाढवून घेऊ की. तो माज पहिल्या लेक्चरला मॅडमनी दहा मिनिटांत उतरवला. प्रोटीनला पीसीआर नाही, जेवढं हातात आहे तेवढंच, सांडलं तर सांडलं. त्यात परत माणसात प्रोटीन बनवणारी जीन्स २० हजारांच्या आसपास असली तरी स्प्लायसिंग (जीनच्या प्रतीचे तुकडे वेगवेगळे जोडले जाणं), फॉस्फेट लागणं, साखरेच्या साखळ्या लागणं, मधेच कुठे तुकडा कापला जाणं हे सगळं धरलं की रूपं कितीतरी पट होतात, आणि जीनोम सगळीकडे तोच असला तरी लिव्हरमधली प्रोटीन्स वेगळी, मेंदूतली वेगळी. प्लाझ्मा घेतलात तर त्यातल्या प्रोटीनपैकी निम्म्याच्या आसपास एकटं अल्ब्युमिन ठाण मांडून बसलेलं, आणि तुम्हाला हवं ते प्रोटीन त्याच्या अब्जाव्या हिश्श्यात कुठेतरी दडलेलं. प्रोटिओम, म्हणजे सगळ्या प्रोटीन्सचा संच, हा शब्दच मुळात १९९४ चा, मार्क विल्किन्सनी काढलेला, म्हणजे विषय तसा तरुण आहे. हे पहिलं लेक्चर म्हणजे पूर्ण मार्क.

मग जेल. एसडीएस-पेज, म्हणजे जेलमधून करंट सोडून प्रोटीन्स आकाराप्रमाणे वेगळी करणं, मी आधी केलेलं होतं पण रेडीमेड जेलवर, इथे हाताने ओतायला लावलं आणि बरं झालं लावलं. दोन काचा, मधे स्पेसर, खाली गॅस्केट नीट बसली नाही की सगळं गळून टेबलावर. आमचं पहिलं गळलंच. अ‍ॅक्रिलामाइड घट्ट होईपर्यंत विषारी असतं, नसांवर परिणाम करतं, त्यामुळे ते पुसायचा पण एक सोहळा होतो. टेमेड (जेल घट्ट करायला घालतात ते) टाकल्यावर हात चालवायचे, गप्पा मारत बसलात तर बीकरमध्येच जेल तयार.

पण खरी मजा पुढे. जेलला दोन मजले का असतात, वरचा पीएच ६.८ चा आणि खालचा ८.८ चा, हे मी इतकी वर्षं परीक्षेत लिहिलं होतं आणि मला ते ओ की ठो कळलेलं नव्हतं हे तिथे समजलं. मॅडमनी बोर्डवर तीन बाण काढले. वरच्या मजल्यावर बफरमधल्या ग्लायसीनवर निव्वळ चार्ज जवळपास नसतोच म्हणून ते रेंगाळतं, क्लोराइड पुढे सुसाट, आणि एसडीएस नावाच्या डिटर्जंटने माखलेली प्रोटीन्स दोघांच्या मधे चेपली जाऊन एका बारीक रेषेत गोळा होतात. खालच्या मजल्यावर पीएच वाढला की ग्लायसीनला चार्ज येतो, ते प्रोटीन्सना मागे टाकून निघून जातं, आणि मग प्रोटीन्स बिचारी एकटी जाळीतून वाट काढत बसतात, लहान पुढे मोठं मागे. एवढं सांगितलं आणि म्हणाल्या आता टाकीकडे बघा. खरंच, वेलमधला, म्हणजे सँपल भरायच्या खाचेतला, पाच-सहा मिलिमीटरचा निळ्या रंगाचा गठ्ठा डोळ्यांदेखत केसाएवढ्या रेषेत आवळला गेला. ही पद्धत मांडणाऱ्या लेमलींचा पेपर १९७० चा आहे आणि आजही जगभर तेच चालू आहे, त्यामागे किती डोकं लावलंय ते त्या निळ्या रेषेकडे बघताना कळतं.

बाजूच्या टेबलावर लाल-काळी वायर उलटी लागली होती, त्यांचा निळा रंग वर बफरमध्ये निघून गेला. कुणी ओरडलं नाही, उलट सगळ्यांना बोलावून दाखवलं. हे मला फार आवडलं.

तक्रार नंबर एक इथेच टाकते, एका जेलला चार जण. दोघं काम करतात, एक बघतो, एक मोबाइलवर. एवढी फी घेताय तर दोघांत एक जेल द्यायला काय हरकत आहे, काचा आणि कोंब (वेल पाडायची कंगवी) काही सोन्याचे नसतात.

ब्रॅडफर्डचं (रंगावरून प्रोटीन किती ते मोजायचं) प्रॅक्टिकल म्हणजे गडबडगुंडा. कुमासी रंग प्रोटीनला चिकटला की ४६५ नॅनोमीटरवरून ५९५ वर सरकतो, तपकिरीचा निळा होतो, झालं, एवढंच आहे ते. पण आम्हाला दिलेल्या लायसेटमध्ये (पेशी फोडून काढलेल्या रसात) डिटर्जंट भरपूर आणि ब्रॅडफर्डला ते अजिबात चालत नाही, त्यामुळे प्रोटीन नसलेला ब्लँकसुद्धा निळाशार. सर म्हणाले बीसीए (प्रोटीन मोजायची दुसरी पद्धत) वापरायला हवं होतं. मग दिलं का नाही? आणि बीसीए वापरताना सँपलमध्ये डीटीटी (प्रोटीनमधले डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) असेल तर ते बोंबलतं, कारण ते तांब्याच्या रिडक्शनवर चालतं आणि डीटीटी स्वतःच तांबं रिड्यूस करून टाकतं, हे मी विचारल्यावर सांगितलं. अशा गोष्टी आपणहून सांगायच्या असतात ना.

टू-डी जेल फक्त डेमो. १९७५ ची पद्धत, आधी आयसोइलेक्ट्रिक पॉइंटप्रमाणे (ज्या पीएचला प्रोटीनवरचा चार्ज शून्य होतो तो) आडवं पसरवायचं आणि मग वजनाप्रमाणे उभं. आता रोजच्या कामात कमी वापरतात, तरी बघण्यासारखी आहे, एकाच प्रोटीनचे फॉस्फेट लागलेले प्रकार ओळीने मण्यांसारखे दिसतात. पुस्तकात वाचून हे पोचत नाही.

तिसरा दिवस डायजेशनचा आणि माझ्या मते सगळं वर्कशॉप या एका दिवसासाठी करावं. यीस्टचं लायसेट, आठ मोलर युरियात विरघळवलेलं. डीटीटीने सिस्टीनना जोडणारे डायसल्फाइड बंध तोडायचे, आयोडोअ‍ॅसिटामाइड घालून अंधारात ठेवायचं म्हणजे सिस्टीन परत जुळत नाहीत, युरिया पातळ करायचा नाहीतर ट्रिप्सिन, म्हणजे प्रोटीन कापणारं एन्झाइम, तेच गारद होईल, मग ट्रिप्सिन घालून रात्रभर ३७ डिग्रीला. ट्रिप्सिन लायसीन आणि आर्जिनीन या अमिनो अ‍ॅसिडच्या पुढे कापतं, पुढे प्रोलीन असेल तर शक्यतो कापत नाही. इतकं शिस्तीचं एन्झाइम आहे म्हणूनच पुढचं सगळं गणित जमतं. आणि केराटिन! बाई, केराटिनची अशी धास्ती घातली की बास. केस, कातडी, लोकरीचा स्वेटर, सगळं केराटिन, आणि मशीनला तुमचं यीस्ट काय नि तुमचा कोंडा काय सारखंच. मी ग्लोव्ह्ज घालून एकदा, फक्त एकदा, कपाळावरची बट मागे सारली आणि मॅडमनी लांबूनच सांगितलं, ग्लोव्ह्ज बदला. तेव्हा जरा अतीच वाटलं.

आता आमचा पराक्रम. पहिल्या दिवशी जेलसाठी सँपल ९५ डिग्रीला पाच मिनिटं उकळवलं होतं. तिसऱ्या दिवशी हँडआउटमध्ये डीटीटी घालून ‘गरम करा’ एवढंच छापलेलं, किती ते नाही. माझ्या पार्टनरने ब्लॉक ९५ ला लावला, मी पण मान डोलावली, कारण दोन दिवसांची सवय. युरियाचं सँपल होतं ते! युरिया तापला की त्यातून सायनेट तयार होतं आणि ते प्रोटीनच्या टोकाला आणि लायसीनवर जाऊन बसतं, प्रत्येक ठिकाणी ४३ डाल्टनचं ओझं वाढतं आणि अशा लायसीनला ट्रिप्सिन ओळखतच नाही, कापत नाही. हे त्या दिवशी कुणाला कळलंच नाही, आमची ट्यूब इतरांसारखीच दिसत होती.

चौथा दिवस मास स्पेक. मशीनला हात लावायला मिळत नाही, मिळू पण नये, इतक्या महागड्या वस्तूला वीस जणांनी हात लावणं म्हणजे आपत्तीला आमंत्रण. पण सरांनी स्क्रीनवर एक पीक (आलेखातला सुळका) घेतला आणि झूम करत गेले, तर त्या एका पीकच्या जागी बारीक बारीक पीकची उतरती रांग. विचारलं, यावर चार्ज किती? सगळे गप्प. मग म्हणाले, दोन पीकमधलं अंतर मोजा. अर्धा. कार्बन १३ मुळे (कार्बनचं जड रूप) वजनात साधारण एकाचा फरक पडतो, मशीन दाखवतं वजन भागिले चार्ज, तो फरक अर्धा दिसतोय म्हणजे चार्ज दोन, पाव असता तर चार. अक्षरशः फूटपट्टी लावून सुटणारं कोडं! तोच पेप्टाइड (प्रोटीनचा कापलेला तुकडा) मग फोडला, तुकड्यांच्या वजनातल्या फरकावरून आम्ही पाच अमिनो अ‍ॅसिड ओळखली, आणि ल्युसीनपाशी अडकलो कारण ल्युसीन आणि आयसोल्युसीनचं वजन तंतोतंत सारखं, या पद्धतीने वेगळी करताच येत नाहीत. तासभर कसा गेला कळलं नाही. जाता जाता प्रोटीनसारखे मोठे रेणू मास स्पेकमध्ये मोजायची युक्ती काढणाऱ्या कोइची तानाकांची गोष्ट पण सांगितली, चुकून ग्लिसरीनमध्ये कोबाल्टची पूड मिसळली गेली, फेकायच्या ऐवजी वापरून बघितली आणि २००२ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये फेन यांच्यासोबत नाव लागलं. आमच्या चुकीला असलं नशीब नव्हतं.

पाचवा दिवस म्हणजे पाट्या टाकणं. अर्धा दिवस, त्यातला तास सर्टिफिकेट आणि फोटोत. आमचा स्वतःचा डेटा नाहीच, एक रेडीमेड फोल्डर दिला, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश, आली प्रोटीनची यादी, टाळ्या. एक टक्का एफडीआर (यादीतल्या चुकीच्या ओळखींचं प्रमाण) असं तीन वेळा म्हणाले पण ते येतं कुठून हे नाही, की खऱ्या सिक्वेन्ससोबत उलट्या केलेल्या खोट्या सिक्वेन्स पण शोधात घालतात आणि त्या खोट्या किती लागल्या यावरून खऱ्यातल्या चुकांचा अंदाज बांधतात. दोन वाक्यांचं काम होतं. लेबल लावून मोजणं आणि न लावता मोजणं यातला फरक तर एका स्लाइडवर येऊन गेला पण.

आमचा डेटा दोन आठवड्यांनी मेलवर आला. यादीत सगळ्यात वर माणसाचं केराटिन. (मॅडम, सॉरी.) खाली यीस्टची प्रोटीन्स, बाकी ग्रुपपेक्षा खूपच कमी, आणि सोबत एक ओळ, सँपलची क्वालिटी खराब. बस. मी पुढचे काही वीकेंड फुकटचं सॉफ्टवेअर घेऊन त्याच फाइलशी झटत बसले. आधी आयोडोअ‍ॅसिटामाइडची ५७ वाली टिक (ते सिस्टीनवर बसलं की वजन तेवढं वाढतं, हे सॉफ्टवेअरला सांगणारी) काढून बघितली तर सिस्टीनवाले पेप्टाइड जवळपास सगळे गायब, तेव्हा कळलं त्या टिकचं महत्त्व. मग असंच ४३ वाला बदल शोधात घातला, आणि धबाधब पेप्टाइड सापडायला लागले, लायसीनपाशी न कापलेले, लांबलचक. सँपल खराब नव्हतं, आम्ही ते शिजवलं होतं. हीच फाइल पाचव्या दिवशी सगळ्यांसमोर उघडली असती तर वीस जणांनी आयुष्यात कधी युरिया गरम केला नसता.

तर रेटिंग म्हणाल तर बेंचच्या कामासाठी साडेचार, डेटासाठी दीड, आणि तो दीड पण फोल्डर फुकट दिला म्हणून. हाताने सँपल करणार असाल तर बिनधास्त जा, शिकवणारी माणसं खरंच चांगली आहेत. फक्त रिझल्ट वाचायला शिकायचं असेल तर पैसे वाचवा. आणि जाणार असाल तर आपली रॉ फाइल (मशीनमधून निघालेला कच्चा डेटा) मागून घ्या, न मागता देत नाहीत.

हँडआउटच्या त्या ओळीबद्दल मी मेल केला होता, ‘३७ च्या वर नाही’ एवढं छापा म्हणून. ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलंय. पुढच्या बॅचला कुणी गेलात तर पान बघून सांगा, छापलं का.