एक्झॉस्ट फॅन आपोआप चालवायचा तर कशावर? साताऱ्यातला एक अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

गोडोलीतल्या आमच्या घरी बाथरूमचा आणि स्वयंपाकघराचा असे दोन एक्झॉस्ट फॅन गेल्या मेपासून आपोआप चालतात. उन्हाळ्याचं शेपूट, पूर्ण पावसाळा, दिवाळी आणि थंडी एवढं सगळं पाहून झालं, म्हणून आता लिहिते आहे. नवीन बसवल्या-बसवल्या लिहिलेले अनुभव मी बरेच वाचले होते. पण साताऱ्यात कासच्या बाजूने पाऊस उतरला की आठ-आठ दिवस भुरभुर थांबत नाही, कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतो, मीठ पाणावतं. ओलीशी संबंधित कुठल्याही वस्तूची परीक्षा तेव्हाच होते.

मुख्य गोष्ट आधी सांगते. फॅन आर्द्रतेच्या टक्क्यांवर चालवू नका. हवेत प्रत्यक्ष पाणी किती आहे, त्यावर चालवा. बाकी सगळं यापुढे दुय्यम आहे.

आमची मांडणी अशी: बाथरूमला सहा इंची फॅन, स्वयंपाकघराला नऊ इंची. दोन्हींच्या स्विचमागे बोर्डात एकेक वाय-फाय रिले, म्हणजे वाय-फायवरून चालू-बंद करता येणारा छोटा स्विच. तापमान आणि आर्द्रता मोजणारे तीन सेन्सर: एक बाथरूममध्ये, एक हॉलमध्ये, एक बाहेर उत्तरेच्या छज्जाखाली, जिथे ऊनही लागत नाही आणि पाऊसही. हे सगळं रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर, होम असिस्टंट नावाच्या घरातली उपकरणं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडलंय. त्यामुळे नियम घरातल्या घरात चालतात, इंटरनेट बंद असलं तरी फॅनला फरक पडत नाही.

आता टक्क्यांचं. रिलेसोबत येणाऱ्या ॲपमध्ये तयार नियम असतो: आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर गेली की फॅन सुरू, खाली आली की बंद. कोरड्या गावात तो चालेल. साताऱ्यात जुलैमध्ये घरातली आर्द्रता 70 च्या खाली येतच नाही, म्हणजे फॅन चोवीस तास घरघरत राहणार. डिसेंबरात उलट: गार पाण्याने अंघोळ केली तर आकडा तिथवर पोहोचतच नाही.

टक्का फसवा का, तर तो तापमानाला बांधलेला असतो. 20 अंशाची हवा एका घनमीटरला जास्तीत जास्त सव्वासतरा ग्रॅम पाणी धरू शकते, 30 अंशाची हवा तीस ग्रॅमच्या थोडं वर. म्हणजे गार हवेतले 90 टक्के आणि उबदार हवेतले 90 टक्के यांत पाण्याचा फरक जवळजवळ दुपटीचा. तापमान आणि टक्का ठाऊक असले की ग्रॅमचा आकडा काढता येतो. ईएसपीहोम या, सेन्सर आणि रिले चालवणाऱ्या छोट्या चिपसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी तयार घटकच आहे, तुम्हाला सूत्र लिहावं लागत नाही.

जुलैतली एक रात्र सांगते. बाहेर धो-धो पाऊस, आणि फॅन आपोआप सुरू झाला. सासूबाई उठून आल्या. "अगं, बाहेर एवढा पाऊस आणि हा ओली हवा आत ओढतोय. बंद कर की." मी त्यांना फोनवर आकडे दाखवले. बाहेर 21 अंश आणि 93 टक्के, हॉलमध्ये 25 अंश आणि 82 टक्के. टक्के पाहिले तर बाहेरची हवा ओली. ग्रॅममध्ये मात्र बाहेर सुमारे 17, आत जवळपास 19. पावसात भिजलेली ती गार हवा आत येऊन तापते तेव्हा आमच्या हॉलच्या हवेपेक्षा कोरडीच असते. सासूबाईंनी दोन मिनिटं आकडे बघितले आणि म्हणाल्या, "मग चालू दे." त्यांनी बंद करायला लावला असता तर मीही बंद केला असता, कारण डोळ्यांना दिसत होतं ते अगदी उलट होतं.

याची दुसरी बाजू जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दिसते. पाऊस येऊ-येऊ करत असतो, ढग दाटलेले, हवा चिकट. बाहेर 27 अंशाला 88 टक्के म्हणजे पावणेतेवीस ग्रॅम, घरात 29 अंशाला 70 टक्के म्हणजे वीस. अशा वेळी खिडक्या उघडून फॅन लावावासा वाटतो, आणि नेमका तेव्हाच तो बाहेरचं पाणी घरात भरतो. अजून न भिजलेल्या गार भिंतींवर, फरशीवर ते बसतं. आमच्या तळमजल्यावर जूनमध्ये फरशीला घाम सुटायचा तो यामुळे, असं माझं आता ठाम मत झालंय. यंदा त्या दिवसांत फॅन गप्प राहिला आणि फरशी बरीच कोरडी राहिली.

म्हणून नियम दोन केले. पहिला अंघोळीचा: बाथरूममधले ग्रॅम हॉलपेक्षा तीनने वाढले की फॅन सुरू, फरक दीडवर आला की बंद, आणि काहीही झालं तरी चाळीस मिनिटांच्या वर नाही. गरम पाण्याने अंघोळ झाली की बाथरूममध्ये पंचवीस-सव्वीस ग्रॅम सहज होतात, त्यामुळे हा नियम बारा महिने चुकत नाही. दुसरा घर वाळवण्याचा: बाहेरची हवा हॉलपेक्षा दोन ग्रॅमने कोरडी असेल तर बाथरूमचा फॅन लांबवर चालू द्यायचा आणि हॉलची एक खिडकी फटीएवढी उघडी ठेवायची. खिडकी उघडायचा निरोप फोनवर येतो, उघडायची मात्र हाताने.

सेन्सरवर पैसे वाचवू नका. स्वस्तातला डीएचटी22 हा सेन्सर बाथरूमच्या वाफेत भरकटू शकतो. मी एसएचटी31 वापरते. ते खरे बोलतात का हे घरी तपासता येतं: बाटलीच्या झाकणात साधं बारीक मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून चिखलासारखं करा, ते झाकण आणि सेन्सर एका घट्ट बरणीत बंद करून रात्रभर ठेवा. आत आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. सेन्सर जेवढं कमी-जास्त दाखवेल तेवढी दुरुस्ती सेटिंगमध्ये टाकायची. तिन्ही सेन्सर एकाच बरणीत ठेवले तर ते एकमेकांशीही जुळतात, आणि आपल्याला फरकच मोजायचा असल्याने ते जास्त महत्त्वाचं.

आता हवेच्या वाटेबद्दल, कारण इथे बहुतेक घरांमध्ये फॅन असून नसल्यासारखा असतो. आपल्याकडे बाथरूमच्या खिडकीत वरच्या भागात फॅन आणि खाली काचेच्या तिरक्या पट्ट्या असतात. फॅन सुरू केला की तो त्या पट्ट्यांमधूनच बाहेरची हवा ओढतो आणि तीच परत बाहेर फेकतो. मोरीच्या कोपऱ्यातली वाफ जागची हलत नाही. मी पेटलेली उदबत्ती घेऊन बघितलं: पट्ट्यांजवळ धूर सरळ फॅनकडे वळत होता, दाराशी मात्र शांतपणे वर जात होता. पट्ट्यांवर आतून ॲक्रिलिकचा तुकडा सिलिकॉनने बसवला आणि दाराच्या खालची फट बोटभर करून घेतली. मग दाराखाली धरलेल्या उदबत्तीचा धूर जमिनीसरसा आडवा होऊन आत खेचला जाऊ लागला. हे काम कुठल्याही सेन्सरच्या आधी करा. पैसे जवळजवळ लागत नाहीत आणि अर्धा फायदा यातच आहे.

वायरिंगला वायरमनच बोलवा. आमच्या वायरमनदादांनी बोर्ड उघडताच सांगितलं, "वहिनी, ह्या बोर्डात न्यूट्रलच नाही." जुन्या घरांत फॅनच्या स्विचपाशी नुसती फेज आणलेली असते, न्यूट्रल परस्पर फॅनला गेलेली. रिलेला दोन्ही लागतात. ज्या बोर्डात सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतेच, म्हणून त्यांनी शेजारच्या बोर्डातून ओढून घेतली. बाथरूमच्या सर्किटला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का हेही त्याच वेळी बघून घ्यावं.

पहिला रिले पावसाळ्यातच गेला. फॅन बंद व्हायलाच तयार नाही, ॲपमध्ये बंद आणि प्रत्यक्षात चालू. उघडला तर आतले संपर्क एकमेकांना चिकटले होते. डब्यावर 10 अँपिअर लिहिलेलं असलं तरी तो आकडा हीटर किंवा बल्बसारख्या भाराचा असतो. मोटर बंद होताना उलटा झटका देते आणि ठिणगीने संपर्क भाजतात. दुसरा 16 अँपिअरचा घेतला आणि फॅनला समांतर, ठिणगी शमवणारा स्नबर लावून घेतला, म्हणजे 100 ओहमचा रोधक आणि 0.1 मायक्रोफॅरडचा एक्स2 दर्जाचा कपॅसिटर यांची तयार जोडी. तेव्हापासून तक्रार नाही.

स्विच भिंतीवर तसाच ठेवला हे मला या सगळ्यात सर्वांत आवडतं. सासूबाईंना फोन शोधायला लागत नाही. स्विच दाबला की फॅन अर्धा तास चालतो, पुन्हा दाबला की बंद, आणि त्या अर्ध्या तासात नियम लुडबूड करत नाहीत. ज्या घरात म्हातारी माणसं आणि पाहुणे असतात तिथे नुसत्या ॲपवर चालणारी वस्तू बसवूच नये.

वीज जाण्याची तयारी मात्र हवीच. पावसाळ्यात दिवसातून दोन-तीनदा वीज जाते-येते. वीज आल्यावर रिले बंद स्थितीत यावा अशी सेटिंग करा, नाहीतर घरी कोणी नसताना फॅन चालत बसतो. रास्पबेरी पाय मेमरी कार्डवर चालवला तर अशा धक्क्यांनी कार्ड खराब होतं. माझं झालं, म्हणून आता एसएसडीवर आहे, आणि तो व राउटर छोट्या यूपीएसवर.

स्वयंपाकघराचा फॅन धुळीकणांच्या सेन्सरवर आहे. पीएमएस5003 हा लेझरने पीएम2.5, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण मोजतो. मोहरी तडतडली की आकडा चढतो, ठेच्याच्या मिरच्या तव्यावर टाकल्या की तर विचारायलाच नको, आणि ठसका लागायच्या आत फॅन सुरू झालेला असतो. हा भाग मला मनापासून आवडला. पण कुकरची शिट्टी झाली की वाफेच्या थेंबांनाही तो कण समजतो. सेन्सर शेगडीपासून दूर, बाजूच्या भिंतीवर नेला आणि आकडा अर्धा मिनिट टिकला तरच फॅन लावायचा असं केलं, तेव्हा हे बरंच कमी झालं, पूर्ण गेलं नाही. ऊसतोडीच्या दिवसांत संध्याकाळी कुठे पाचट पेटवलेलं असतं. तेव्हा फॅन धूर बाहेर टाकता टाकता खिडक्यांतून दुसरा धूर आत घेतो. त्या वेळी मी तो हाताने बंद ठेवते.

गॅसबद्दल दोन गोष्टी कळकळीने सांगते. गॅस गळतीचा सेन्सर फॅनला जोडून "गळती झाली की फॅन लावा" असा नियम कोणीही करू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो आणि वर बसवलेला फॅन त्याला नीट काढू शकत नाही. त्यात रिलेच्या एका ठिणगीने भडका उडू शकतो. अशा वेळी कुठलाही स्विच न दाबता रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या हाताने उघडायच्या आणि बाहेर जाऊन 1906 या गॅस गळतीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. दुसरं, बाथरूमच्या आत गॅस गीझर असेल तर एक्झॉस्ट फॅन हा त्यावरचा उपाय नाही. बंद बाथरूममधून फॅन हवा ओढतो तेव्हा गीझरमधला जळका वायू बाहेर जाण्याऐवजी आत वळू शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आमचा गीझर आधी मागच्या उघड्या गॅलरीत नेला, फॅनचं काम त्यानंतर काढलं.

विजेचा हिशोब सोपा आहे. बाथरूमचा फॅन 35 वॅटचा, सरासरी दिवसाला अडीच तास धरले तरी महिन्याला तीन युनिटच्या आत. चोवीस तास चालणारा रास्पबेरी पायही जवळपास तेवढीच वीज खातो. तो फक्त एका फॅनसाठी घेऊ नये. एकच बाथरूम असेल तर सेन्सर आणि रिले दोन्ही जोडलेली ईएसपी32 ही वाय-फायवाली छोटी चिप स्वतःच नियम चालवू शकते.

फरक काय पडला? बाथरूमच्या छताच्या कोपऱ्यात दर श्रावणात येणारे काळे ठिपके यंदा आले नाहीत. भिंतीलगतची आर्द्रता सतत 80 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि आमच्याकडे ती आता अंघोळीनंतर अर्ध्या तासात खाली येते. टॉवेल त्याच दिवशी वाळतो. सासूबाईंना दमा आहे, त्यांच्या खोकल्याबद्दल मी कसलाही दावा करणार नाही, पण कुबट वास गेला हे त्या स्वतःहून सांगतात. पश्चिमेच्या भिंतीचे पोपडे मात्र तसेच आहेत. तिथे पाऊस बाहेरून झिरपतो, फॅनचा त्याच्याशी संबंध नाही. त्या भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंगच लागणार.

दर दोन महिन्यांनी फॅनची पाती आणि मागची झडप पुसावी लागते. स्वयंपाकघराच्या फॅनची झडप तेलकट धुळीने अर्धी उघडीच राहायला लागली होती, आणि वाऱ्याच्या पावसात तिथून शिंतोडे आत यायचे. गरम पाणी आणि साबणाने धुतली की पुन्हा नीट मिटते. मेन स्विच बंद करूनच हात घाला, कारण हा फॅन कधीही आपोआप सुरू होऊ शकतो.

राहिली धान्याची खोली. तिला खिडकी नाही, आणि ज्वारी-गव्हाच्या कणग्या तिथेच असतात. गवंडी भिंतीला चार इंची भोक पाडून पाइप बसवून देणार आहे, वायरमनदादा लाइन ओढतील, चौथा सेन्सर आणून ठेवलाय. त्या खोलीला नियम एकच ठेवणार आहे, घर वाळवण्याचा, आणि जूनचा पहिला पंधरवडा तो फॅन पूर्ण बंद.