क्षेत्रभेट की उपग्रहचित्र?

नववी-दहावीचा भूगोल रंजक करायचाय, पण जादा तास मिळतात मोजकेच. ते क्षेत्रभेटीला द्यावेत की संगणकावरच्या उपग्रहचित्रांना, असा प्रश्न एका शिक्षिकेने विचारला.

खर्च: दहावीच्या पुस्तकातली भेट नळदुर्ग ते अलिबाग अशी लांबची आहे. एवढी बस कोण करणार! शाळेजवळचा ओढा किंवा आठवडी बाजार फुकट आहे. इस्रोचं उपग्रहचित्रांचं संकेतस्थळ 'भुवन' आणि गुगल अर्थही फुकट, मात्र इंटरनेट आणि चालू संगणक हवेत.

मेहनत: भेटीला पालकांची संमती, सोबत दुसरा शिक्षक, आधी तयार केलेली प्रश्नावली. चित्रांना त्यामानाने कमी.

हाती काय लागतं: इथे खरा फरक पडतो. ओढ्यात 10 मीटर अंतर मोजून काडी सोडली, वेळ घेतली की प्रवाहाचा वेग मुलं स्वतः काढतात. बाजारात 'हा कांदा कुठून आला?' विचारलं की वाहतूक, हंगाम, भाव सगळं एकदम येतं. पण दहावीच्या पुस्तकात भारताबरोबर अभ्यासायचा दुसरा देश ब्राझील. तिथे पायी कसं जाणार? तिथल्या रोंडोनिया राज्यातली माशाच्या काट्यासारखी पसरलेली जंगलतोड 1984 पासूनच्या चित्रांत डोळ्यांदेखत वाढताना दिसते. छापील नकाशात ती वाढ अशी दिसत नाही.

खेड्यातली शाळा, वीज बेभरवशाची, तर ओढा निवडा. शहरात, मोठा वर्ग आणि संगणककक्ष असेल तर चित्रं. एकच तास मिळत असेल तर मी बाजार निवडेन.