समांतर विश्वांचे क्रॉसओव्हर: आधी कोणता घ्यावा?

समांतर विश्वाचा क्रॉसओव्हर, म्हणजे अनेक मालिकांतून पसरलेली आणि ओळखीच्या पात्रांना वेगळ्याच जगात टाकणारी कॉमिक्समधली कथा, घेण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: या पात्रांचं मूळ जग आपल्याला कितपत ठाऊक आहे? अशा कथेची सगळी गंमत पालटात असते. मूळ माहीत नसेल, तर पालट झालाय हेच कळत नाही. पुढचे क्रॉसओव्हर याच हिशेबाने तोलले आहेत.

पाटी कोरी असेल तर 'फ्लॅशपॉइंट'. डीसी या अमेरिकी प्रकाशनाचे २०११ चे जेमतेम पाच अंक, लेखन जेफ जॉन्सचं, चित्रं अँडी क्यूबर्टची. बॅरी अ‍ॅलन ऊर्फ फ्लॅश जागा होतो तो अंगातला वेग गमावून. आणि मेलेली आई समोर जिवंत. गॉथमच्या त्या गल्लीत गोळी लागून आईबाप नव्हे, मूळ कथेत बॅटमॅन होणारा लहानगा ब्रूस गेलेला आहे, आणि बॅटमॅन झालाय त्याचा बाप, थॉमस वेन. ती गल्ली सिनेमांतून इतक्या वेळा दिसली आहे, की एकही कॉमिक न वाचलेल्यालाही हा पालट चटकन भिडतो. अडचण दोन ठिकाणी. अ‍ॅमेझॉन नावाच्या योद्ध्या स्त्रिया आणि समुद्राखालचं अटलांटिस यांच्या युद्धात अर्धा युरोप उद्ध्वस्त होतो, पण मुख्य अंकांत हे युद्ध मागच्या पडद्यासारखं नुसतं टांगलेलं राहतं. दुसरं म्हणजे शेवट. त्यानंतर लगेच डीसीला ५२ मालिका नव्याने १ क्रमांकापासून सुरू करायच्या होत्या, आणि ती घाई शेवटच्या अंकात दिसते. शेवटच्या पानांतलं पत्र मात्र त्या घाईतूनही बचावलं आहे. टाय-इनचा, म्हणजे मुख्य कथेला जोडलेल्या बाजूच्या मालिकांचा, ढीग आहे. त्यातली ब्रायन अझारेलो आणि एदुआर्दो रिस्सो यांची 'बॅटमॅन: नाइट ऑफ व्हेंजन्स' तेवढी घ्या, तीनच अंक आहेत. मार्था वेनचं काय झालं ते तिथे उलगडतं.

'हाउस ऑफ एम' (डीसीची प्रतिस्पर्धी मार्व्हल, २००५, आठ अंक) दिसायला तेवढाच आटोपशीर, पण नवख्यासाठी फसवा. वांडा ऊर्फ स्कार्लेट विच वास्तवच बदलून टाकते: म्यूटंटांची, म्हणजे जन्मजात शक्ती असलेल्या माणसांची, सद्दी, एक्स-मेनचा जुना शत्रू मॅग्नेटो याचं राजघराणं, आणि ज्याला जे हवं होतं ते त्याच्या पदरात. पीटर पार्करचा ग्वेन स्टेसीशी संसार चालू आहे. ग्वेन १९७३ साली 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या १२१व्या अंकात मेली, हे ज्याला माहीत आहे त्यालाच ही चित्रं टोचतील. बाकीच्यांना ते एक सुखी जोडपं. म्हणून आधी निदान 'अव्हेंजर्स'चे ५०० ते ५०३ हे अंक वाचा, नाहीतर पहिल्या अंकात सगळे वांडाच्या जिवावर का उठलेत, हे समजणार नाही. मधले अंक एकेका नायकाला जागं करण्यातच जातात आणि तिथे कथा रेंगाळते. उलट परिणामाच्या बाबतीत हा क्रॉसओव्हर सगळ्यांत खरा: म्यूटंटांची संख्या मूठभरावर येते, आणि एक्स-मेनच्या मालिका पुढे कित्येक वर्षं ते निस्तरत राहतात.

पैसे आणि वेळ दोन्ही असतील, तर माझं मत 'एज ऑफ अपोकॅलिप्स'ला. १९९५ साली मार्व्हलने एक्स-मेनच्या आठ मालिका चार महिने बाजूला ठेवल्या आणि त्यांच्या जागी नव्या नावांच्या मालिका छापल्या. 'वुल्व्हरिन'ची 'वेपन एक्स' झाली, 'केबल'ची 'एक्स-मॅन'. एक्स-मेनचा संस्थापक चार्ल्स झेवियर याचा मुलगा लीजन भूतकाळात जातो तो मॅग्नेटोला संपवायला, आणि जातो बापाचाच जीव. मग माणसं आणि म्यूटंट एकत्र नांदावेत हे झेवियरचं स्वप्न मॅग्नेटोच पुढे चालवतो. आठ गुणिले चार, अधिक सुरुवातीचा 'अल्फा' आणि शेवटचा 'ओमेगा', असे चौतीस अंक.

इथे बहुतेक जण चुकतात ते क्रमात. एक मालिका संपवून दुसरी धरली, की कथा कोसळते. गॅम्बिटची टोळी मक्रान स्फटिकाचा तुकडा आणायला गेली आहे, नाइटक्रॉलर भविष्य जाणणाऱ्या डेस्टिनीच्या शोधात आहे, कोलोससची पोरं ('जनरेशन नेक्स्ट') त्याच्या बहिणीला, इलियानाला, सोडवायला निघाली आहेत. तिन्ही मोहिमांची गाठ 'ओमेगा'त पडते. म्हणून 'अल्फा', मग सगळ्या मालिकांचे पहिले अंक, मग सगळे दुसरे, असं महिन्यामहिन्याने वाचा. काही संग्रहांत नंतर लिहिलेल्या पूर्वकथा आधी छापल्या आहेत. त्या सरळ ओलांडून 'अल्फा' गाठा. आठ मालिका एका हाताच्या नाहीत, त्यामुळे दर्जा वरखाली होतो, आणि नव्वदीतले फुगवलेले स्नायू सोसावे लागतात. पण 'जनरेशन नेक्स्ट'चा चौथा अंक वाचल्यावर तक्रार करायचं त्राण उरत नाही. मूळ माहितीही बेताचीच लागते: झेवियर आणि मॅग्नेटो एकेकाळचे मित्र होते, एवढं ठाऊक असलं तरी पुरे.

आता 'स्पायडर-व्हर्स'. २०१४ च्या 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चे ९ ते १४ हे सहा अंक म्हणजे मुख्य कथा, लेखक डॅन स्लॉट. यात वेगवेगळ्या विश्वांतल्या स्पायडर-मॅनांची गर्दी आहे आणि मजाही गर्दीचीच. खलनायकांचं कुटुंब मात्र एकसुरी, यायचं, एखाद्या स्पायडरला गिळायचं, निघायचं. मोठा दोष असा, की शत्रूच्या क्लोनिंग केंद्राचा निकाल 'स्कार्लेट स्पायडर्स'च्या तीन अंकांत लागतो; त्याशिवाय मुख्य कथेत खड्डा राहतो. मुंबईचा स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर, ज्याला कोळी चावत नाही तर एक योगी शक्ती देतो, इथे गर्दीतला एक आहे. त्याच्यासाठी घ्यायचं तर २००४ ची त्याची स्वतःची चार अंकांची मालिका शोधा. खरा ऐवज आधीच्या 'एज ऑफ स्पायडर-व्हर्स'च्या पाच सुट्या कथांत आहे. दुसऱ्या अंकात स्पायडर-ग्वेन, म्हणजे पीटरऐवजी ग्वेनलाच शक्ती मिळालेल्या विश्वातली नायिका, पहिल्यांदा येते, पाचव्यात पेनी पार्कर. बजेट तुटपुंजं असेल तर हेच पाच घ्या, मुख्य कथा नंतर बघा.

मार्व्हलच्या २०१५ च्या 'सीक्रेट वॉर्स'ची शिफारस खूपदा होते. एसाद रिबिचची चित्रं देखणीच आहेत. पण जोनाथन हिकमनचे 'अव्हेंजर्स'चे ४४ आणि 'न्यू अव्हेंजर्स'चे ३३ अंक आधी झाले नसतील, तर डॉक्टर डूम हा खलनायक देव कसा झाला याचं नुसतं कोडं पडेल. ते ७७ वाचायची तयारी नसेल तर हा नऊ अंकांचा संग्रह आत्ता राहू द्या.

आणि कोणताही संग्रह घेताना मुखपृष्ठावरच्या नावावर जाऊ नका. आत कोणते अंक आहेत ते मागच्या बाजूला किंवा सुरुवातीच्या बारीक अक्षरांत छापलेलं असतं. एकाच नावाखाली कुठे नुसते मुख्य अंक मिळतात, कुठे टाय-इनसकट.